पडद्यावर न आलेली नदी

वैनगंगेच्या नावावर सर्वांत जास्त पैसा खर्च केला तो तिच्यात कधी पायही न बुडवलेल्या माणसांनी. किपलिंगचं ‘जंगल बुक’ १८९४ साली आलं. त्यातला मोगली हिच्याच काठी लांडग्यांमध्ये वाढला. पुढे त्यावर सिनेमे निघाले. १९४२ सालचा कॅलिफोर्नियात उभा राहिला, १९६७ चा डिस्नेवाल्यांनी कागदावर रेखाटला, आणि २०१६ चा तर लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओतच उरकला. त्याचा खर्च साडेसतरा कोटी डॉलर. बालाघाटच्या पुलाखालून जाणाऱ्या पाण्याचा थेंबही त्यात नाही.

१९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी मोगलीची जपानी कार्टून मालिका लागायची. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. घरातली लहान पोरं टीव्ही संपला की थेट शंकर घाटावर, आणि तिथे ‘ही मोगलीची नदी’ म्हणून पाहुण्यांच्या मुलांवर रुबाब. पाहुण्यांची मुलं गोंदियाची. त्यांच्याही जिल्ह्यातून तीच नदी पुढे जाते, हे कुणाच्या डोक्यात यायचं नाही. आमच्या भागात हद्दी अशाच आहेत, नदीला न विचारता आखलेल्या. आजोबा भंडाऱ्याहून बालाघाटला आले तेव्हा दोन्हींची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या नोव्हेंबरात आमची राजधानी भोपाळला गेली आणि आम्ही मराठी बोलत जिथल्या तिथे राहिलो.

माहितीपट हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो भरवेलीच्या खाणवसाहतीत. वडील तिथे मँगनीजच्या खाणीत कचेरीत होते. वर्षातून एखाद-दोनदा केंद्र सरकारच्या क्षेत्रीय प्रचार खात्याची जीप यायची. तिला सगळे ‘प्रचाराची गाडी’ म्हणत. दोन बांबूंमध्ये चादर ताणायची, १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर टेबलावर ठेवायचा, जनरेटर जरा लांब, म्हणजे त्याच्या आवाजात निवेदकाचा आवाज बुडू नये. तरी बुडायचाच. गर्दी इतकी की निम्मे लोक चादरीच्या मागे बसायचे. चादर पातळ, त्यामुळे चित्र पलीकडेही दिसायचं, फक्त उलटं. पुढच्यांना वाघ डावीकडे जाताना दिसला की मागच्यांना तो उजवीकडे जायचा, आणि नावांच्या पाट्या मागच्यांसाठी मोडी लिपीत असल्यासारख्या. रीळ बदलताना पेट्रोमॅक्स पुढे यायची, भिंगावर बसलेला किडा ऑपरेटर फुंकरीने उडवायचा, आणि तेवढ्या दोन-तीन मिनिटांत पोरांची मारामारी होऊन मिटायचीसुद्धा.

फिल्म्स डिव्हिजनचे ते लघुपट बहुतेक कुटुंबनियोजन, सुधारित बियाणं आणि धरणं यांवर असत. नदी त्यांत यायची ती अडवण्यासाठीच. भाक्रा, हिराकूड, मग पाण्याचा पांढरा लोट, मग दिवे लागलेलं गाव, आणि निवेदकाचा आवाज एकदम वर चढायचा. त्या चित्रांत नदीला मासा नव्हता, डोंगा नव्हता, काठावर धुणं धुणारी बाईही नव्हती. टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाच्या आधी हे लघुपट दाखवणं सक्तीचं होतं, त्यामुळे जाणकार माणूस मुद्दाम पंधरा मिनिटं उशिरा पोचायचा. आता फिल्म्स डिव्हिजनही राहिलं नाही, २०२२ मध्ये ते चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. आमच्या पिढीतले काही जण त्या बातमीने हळहळले. हळहळणाऱ्यांत उशिरा पोचणारेच जास्त होते.

पण त्या चादरीसमोर एक गोष्ट घडायची. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत रेंजर, पटवारी, खाणीचे साहेब, शाळेचे मुख्याध्यापक असे सगळे बसलेले असायचे. ऑक्टोबरातल्या वन्यजीव सप्ताहात एकदा वाघावरचा लघुपट लागला होता. तो संपला, पेट्रोमॅक्स पुढे आली, आणि मागून एका गोवाऱ्याने उभं राहून विचारलं, ‘साहेब, यो वाघ आमची गाय खाऊन गेला त्याचे पैसे कधी भेटतील?’ हशा पिकला. पण रेंजरला उत्तर द्यावं लागलं, तेही चारशे लोकांसमोर, आणि पटवाऱ्याच्या देखत. पैसे मिळाले का, मला आठवत नाही. प्रश्न विचारता आला, हे आठवतं.

कॅमेरेवाले आमच्या जिल्ह्यात यायचे ते कान्ह्यासाठी. कान्हा म्हटलं की बाहेरच्यांना मंडला आठवतो. पण मुक्कीचं गेट बालाघाट जिल्ह्यात, सुपखारचं जंगलही आमच्याकडचं. जॉर्ज शॅलर १९६३ ते ६५ कान्ह्यात राहून वाघ-हरणांचा अभ्यास करून गेला. त्याचं पुस्तक १९६७ साली आलं, आणि मग जगाला इथे काय आहे ते कळलं. १९७० साली कान्ह्यात मोजून ६६ बारशिंगे उरले होते. कठीण जमिनीवर राहणारा हा बारशिंगा जगात दुसरीकडे कुठेच उरलेला नव्हता. तो वाचला. त्यात कुरणं राखणाऱ्या वनखात्याचा वाटा मोठा होता, आणि ज्यांची गावं त्या कुरणांतून उठली त्या बैगा-गोंडांचाही. दुसरा वाटा पडद्यावर क्वचितच आला. त्या काळच्या परदेशी फिल्मांतलं जंगल माणसांविना असायचं. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर मात्र हत्तीवर माहूत, वाटाड्या बैगा, चहा करणारा पोरगा असे सगळे उभे असायचे.

स्टॅन्ली ब्रीडन आणि बेलिंडा राइट यांची ‘लँड ऑफ द टायगर’ १९८५ सालची. नॅशनल जिऑग्राफिकसाठी केलेली, कान्हा आणि रणथंभोरमध्ये चित्रित झालेली, दोन एमी मिळवलेली. वाघ दिवसाढवळ्या, आरामात, पिलांसकट इतका जवळून त्याआधी फार कमी लोकांनी पाहिला होता. पुढे याच बेलिंडा राइटनी कॅमेरा बाजूला ठेवून १९९४ मध्ये वाघांच्या शिकारीविरुद्ध काम करणारी संस्था काढली. वाघाची फिल्म करणाऱ्या बाईला शेवटी वाघाच्या कातड्यांचे हिशेब ठेवत बसावं लागलं, यात त्या दशकाचं सगळं आलं. ज्यांच्या जंगलात ती फिल्म झाली त्या बैहर-मुक्कीच्या लोकांनी ती बघितली नाही. आम्ही पाहिली ती फार उशिरा, कुणीतरी नागपूरहून आणलेल्या घासलेल्या व्हीएचएस कॅसेटवर.

मुक्कीच्या टपरीवर असाच एक कॅमेरामन मी पाहिला होता. बहुतेक बंगाली असावा. तो काम करत होता बोलेक्सवर, तो चावी द्यायचा कॅमेरा. रीळ बदलायची होती आणि भर दुपारचं ऊन. त्याने जीपच्या सावलीत मांडी घातली, काळ्या कापडाच्या पिशवीत दोन्ही हात कोपरापर्यंत घातले आणि डोळे मिटले. पिशवीत बोटं हलत होती, चेहरा मात्र पूजेला बसल्यासारखा. टपरीवाल्याने चहा पुढे केला तर मान हलवून ‘थांब’ म्हणाला. ती शंभर फुटांची रीळ पावणेतीन मिनिटं चालते, आणि एकदा चावी भरली की कॅमेरा अर्धा मिनिटही सलग चालत नाही, हे मला नंतर कळलं. म्हणजे वाघ दिसला म्हणून बटण दाबलं असं होत नसे. वाघ काय करणार याचा अंदाज बांधून मगच. घेतलं ते आलं की नाही, हे रीळ मुंबईच्या लॅबमधून धुऊन आल्यावर कळणार. त्यामुळे ती माणसं वाघापेक्षा जास्त चितळं ऐकायची, माकडं ऐकायची. टपरीवर बसूनसुद्धा त्यांचा एक कान बंजरच्या पलीकडे असायचा.

बंजर म्हणजे मुक्कीजवळून वाहणारी नदी. ती मंडल्याला नर्मदेला मिळते. वैनगंगा मात्र उलट्या दिशेला, भंडारा, गडचिरोली करत वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. एकाच जिल्ह्यातला पाऊस अर्धा अरबी समुद्रात, अर्धा बंगालच्या उपसागरात. नर्मदेला पडदा लाभला, तोही भांडणातून. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची ‘अ नर्मदा डायरी’ १९९५ साली आली आणि धरणाचा तो पांढरा लोट काठावरच्या माणसाच्या बाजूने कसा दिसतो ते लोकांना पहिल्यांदा नीट दिसलं. वैनगंगेच्या वाट्याला असं कुणी आलं नाही. तिच्यावरही धरणं झाली. सिवनीत भीमगड, आमच्याकडे इंग्रजांच्या काळातलं ढुटी, खाली भंडाऱ्यात १९८८ साली पायाभरणी झालेलं गोसेखुर्द. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत जातं, ते गोसेखुर्दच्या पाण्यात साचतं. हिचं दुखणं नर्मदेपेक्षा कमी नाही. पण वैनगंगेवरची फिल्म कोणती असं विचारलं तर बालाघाटचा माणूसही आधी मोगलीचंच नाव घेतो.

फिल्मने खरंच काही होतं का, असा प्रश्न आमच्या कट्ट्यावर नेहमी निघतो. होतं. माइक पांडेंची ‘द लास्ट मायग्रेशन’ १९९४ ची, सरगुजातल्या रानहत्तींना पकडण्याबद्दलची. सरगुजा तेव्हा आमच्याच राज्यात होतं. तिला वन्यजीवपटांमध्ये ऑस्कर समजला जाणारा पांडा पुरस्कार मिळाला. मग २००० साली त्यांनी गुजरातच्या किनाऱ्यावर कापल्या जाणाऱ्या देवमाशाएवढ्या व्हेल शार्कवर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ केली, आणि २००१ च्या मे महिन्यात तो मासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेला. भारतात असं संरक्षण मिळालेला तो पहिला मासा. त्याहून मला आवडलेली गोष्ट पुढची. जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क सोडायचा तर जाळं कापावं लागतं, म्हणून कोळ्यांना भरपाई ठरली, आणि सोडल्याचा पुरावा म्हणून त्यांच्याच हाती कॅमेरे दिले गेले. ज्याच्या विरोधात पहिली फिल्म होती तोच आता फिल्म काढू लागला. कुद्रेमुखच्या खाणीवर शेखर दत्तात्रींनी २००१ साली जेमतेम बारा मिनिटांची फिल्म केली, तिचाही ती खाण बंद करण्याच्या लढ्यात मोठा वाटा होता. २००५ च्या अखेरीला ती खाण बंद झाली. या फिल्मा किती लोकांनी पाहिल्या यापेक्षा कुणी पाहिल्या हे महत्त्वाचं होतं. ज्याला सही करायची होती त्याला समोर बसवून दाखवल्या गेल्या.

आता आमच्या जिल्ह्यात कॅमेरा नाही असं घर नाही. जंगलातही झाडाझाडाला कॅमेरे बांधलेले असतात. २०१८-१९ च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले, तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांवर फोटो निघाले, आणि त्यांत वाघाचे ७६ हजारांच्या आसपास. बाकी सगळं चितळ, सांबर, गुरं, सरपणाला गेलेल्या बाया आणि वाऱ्याने हललेलं गवत. काळ्या पिशवीत हात घालून बसलेल्या त्या बंगाल्याला हे सांगितलं असतं तर त्याने चहा सांडला असता.

मुक्कीच्या बाहेर आता रिसॉर्टं झाली आहेत. पूर्वी हत्तीवर बसवून वाघाजवळ नेणारा ‘टायगर शो’ चालायचा, तो बंद झाला ते बरंच झालं. त्याच्या जागी जिप्सींची रांग आली. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच पिलांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडलं. सगळे चित्रण करत होते, आणि त्यातलंच एक चित्रण बाहेर फिरलं म्हणून गाईड-चालकांवर कारवाई झाली आणि नागपूर खंडपीठाने दखल घेतली. म्हणजे कोंडी कॅमेऱ्यासाठी झाली आणि उघडकीलाही कॅमेऱ्यानेच आणली. मोबाइलबंदी मग झाली. मला ती पटते. माझ्या भाच्याला पटत नाही.

हा भाचा सांगायला हवा. तो गोंदियाचा, तिशीतला, लग्नाचे व्हिडिओ काढून पोट भरतो आणि उरलेल्या वेळात सारस पक्ष्यामागे फिरतो. महाराष्ट्रात सारस टिकून आहे तो मुख्यतः गोंदियात, आणि त्यांची मोठी वस्ती नदीपलीकडे आमच्या बालाघाटात. बाघ नदी आणि वैनगंगा ओलांडून ही जोडपी ये-जा करतात. सावन बहेकर यांच्या ‘सेवा’ संस्थेने गोंदिया, भंडारा, बालाघाट असे तिन्ही जिल्हे धरून दर उन्हाळ्यात सारसगणना लावून दिली. हद्दी पुसून झालेली एवढी एकच मोजणी मला ठाऊक आहे.

सारस घरटं करतो धानाच्या बांधीत. रोवणी आटोपली, परहा म्हणजे धानाचं रोप जरा वर आलं, की पाण्यात मधोमध गवताचा, धानाच्या काड्यांचा ढीग रचतो आणि त्यावर दोन अंडी घालतो. महिनाभर उबवणी. तेवढी जागा शेतकऱ्याची बुडाली. भाचा ते घरटं टिपायला लांजीकडच्या एका बांधीवर गेला तेव्हा मी सोबत होतो. त्याने पेटीतून ड्रोन काढला तसा धुऱ्यावर बसलेला शेतकरी उठला. ‘ते वर नका नेऊ. तिला गिधाड वाटते का काय, उठते अंड्यावरून. मग कावळा बसलाच आहे.’ भाच्याने ड्रोन पेटीत घातला आणि धुऱ्यावर पालथा पडून लांबची लेन्स लावली. तास झाला, दीड तास झाला. मादी उठली, चोचीने अंडी फिरवली, परत बसली. सगळं मिळून पाऊण मिनिट. शेतकरी म्हणाला, ‘आता नर येईल, तिची पाळी संपली.’ आणि नर आलाच. आमच्या दोघांचे मोबाइल, घड्याळं, लेन्सा, आणि वेळ कळत होती ती त्या माणसाला.

भाच्याची ती फिल्म सहा मिनिटांची झाली. मोबाइलवर हजारोंनी पाहिली, दिल सोडले, पुढे ढकलली. रेती उपशाचाही एक व्हिडिओ त्याने टाकला. रात्री दोनला पात्रात उतरलेला पोकलेन, ट्रॅक्टरांची रांग, आणि पात्रात जिथे उन्हाळ्यात डांगरवाड्या असायच्या, नदी सुरय उघड्या रेतीवर अंडी घालायचे, तिथे दोन पुरुष खोल खड्डे. तोही हजारोंनी पाहिला. एका कचेरीत त्याला बोलावून ‘हे कशाला टाकलं’ एवढं विचारलं. खड्ड्याबद्दल कुणी विचारलं नाही. त्या हजारोंतला प्रत्येक जण आपापल्या अंथरुणात एकटा पाहत होता. उठून प्रश्न विचारायला मागे गर्दी नव्हती आणि पुढच्या खुर्चीत रेंजर नव्हता.

जुन्या लघुपटांची मला आठवण येत नाही. बरेचसे कंटाळवाणे होते. आठवण येते त्या प्रेक्षकांची. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘मामाजी, तुमच्या त्या गर्दीने नदीचं काय केलं? धरणाला टाळ्याच वाजवल्या ना?’ खरंच वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या होत्या.

२०२१ साली अमित मसूरकर यांचा ‘शेरनी’ आला. तो माहितीपट नाही, विद्या बालनचा सिनेमा. यवतमाळची अवनी वाघीण २०१८ मध्ये मारली गेली त्याची आठवण करून देणारा, आणि बराचसा आमच्या जिल्ह्यात चित्रित झालेला. त्यात वाघिणीच्या वाटेत तांब्याची खाण आडवी येते. मलाजखंड पाहिलेल्या माणसाला ती जागा सांगावी लागत नाही. कान्हा-पेंचच्या मधली जंगलाची पट्टी म्हणजे काय, हे वनखात्याच्या नकाशांनी इतक्या वर्षांत जे सांगितलं नाही ते त्या दोन-तीन दृश्यांनी बैहरच्या दुकानदारांना सांगितलं. माहितीपटवाल्यांनी यावर रागवायचं कारण नाही, पण थोडं लाजायला हरकत नाही.

भाच्याच्या डोक्यात आता वैनगंगा आहे. सिवनीच्या मुंडाऱ्याला ती उगवते तिथून सुरू करून चपराळ्याच्या संगमापर्यंत, चारही ऋतूंत. तो म्हणतो पंचवीस मिनिटं, मी म्हणतो पन्नास. मोगलीने सुरुवात करायची का, यावर आमचं वाजलं. मी नको म्हटलं, तो म्हणतो त्याशिवाय कोण थांबणार. फिल्म आधी पंचायतीच्या अंगणात दाखवायची आणि नंतरच मोबाइलवर सोडायची, हे मात्र त्याने कबूल केलं. खुर्च्यांचं आमंत्रण मी स्वतः नेऊन द्यायचं ठरलंय, तहसीलपासून रेतीघाटाच्या ठेकेदारापर्यंत.

अडलंय ते आवाजावर. गोंदिया-भंडाऱ्यासाठी मराठी लागेल, बालाघाट-सिवनीसाठी हिंदी. त्यापेक्षा पोवारी घेऊ, दोन्हीकडे कळते, असं त्याचं मत. मी भारदस्त आवाजाचे दोन-तीन ओळखीचे निवेदक सुचवले. त्याने ऐकून घेतलं आणि लांजीच्या त्या धुऱ्यावरच्या शेतकऱ्याला फोन लावला. धान कापून झालं की सांगतो, असं तिकडून उत्तर आलंय.